पाच नंबरची वीज

काकूंना कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की त्या सरळ सांगायच्या, "दुसऱ्यांच्या चुका काढते." एवढं ऐकलं की समोरचा पुढचा प्रश्न गिळायचा. आता चुका काढायचं काम घरोघरी कोणी ना कोणी फुकटात करतच असतं. काकूंना त्याचा पगार मिळायचा, एवढाच काय तो फरक.

खरं काम सांगायचं तर जरा दम धरावा लागेल. कुठलंही संगणकावर चालणारं यंत्र घ्या, मोबाईलपासून दवाखान्यातल्या मशीनपर्यंत. त्याच्या मुळाशी कर्नल नावाचा एक प्रोग्रॅम बसलेला असतो. बाकीचे प्रोग्रॅम दिसतात, मिरवतात. हा कोणाला दिसत नाही आणि सगळा कारभार मात्र हाच हाकतो. त्यातला एक कोपरा नुसता विजेचा. यंत्राच्या प्रत्येक भागाला लागणारी वीज वेगळी. एकाला तीन व्होल्ट, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला त्याहूनही कमी, आणि हात जरा सैल सुटला की तो भाग कायमचा गेला. ही वाटणी करणारी नखाएवढी चिप असते, तिला म्हणतात रेग्युलेटर. त्या चिपला हुकूम सोडणारा कर्नलमधला मजकूर म्हणजे तिचा ड्रायव्हर. जगभरातले लोक या ड्रायव्हरांमध्ये बदल सुचवतात. असा एकेक बदल, म्हणजे पॅच, मेलने सगळ्या गटाकडे येतो, आणि काकू तो वाचतात. वजा चिन्हाच्या ओळी काढलेल्या, अधिक चिन्हाच्या नव्या घातलेल्या. नाही पटला तर का नाही ते लिहायचं. पटला तर खाली आपलं नाव लावायचं, की मी हे तपासलं आहे. ते नाव मग त्या बदलाला जन्मभराचं चिकटतं, आणि बदल एकदा मुख्य साठ्यात, म्हणजे कर्नलच्या मूळ प्रतीत, गेला की कोणाच्या बापाला ते पुसता येत नाही.

काकू हे नावही असंच चिकटलेलं. पूर्वी ऑफिसात जायच्या तेव्हा एका पोरीनं सहज हाक मारली आणि झालं. जगाच्या पार दुसऱ्या टोकाचे लोक, ज्यांना काकू म्हणजे नातं की हुद्दा हेही ठाऊक नव्हतं, तेसुद्धा मेलची सुरुवात 'काकू' अशीच करायचे. बसायची जागा म्हणाल तर घराची मागची खोली. दोन स्क्रीन, चिकटपट्टीने हात बांधलेली खुर्ची, एक किटली, आणि खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे. काकांचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान. जेवायला घरी आले की ते दारातून डोकावायचे. "तुझ्याकडे वजाच्या ओळी, माझ्याकडे वजाचे नंबर. माझ्या गिऱ्हाइकांना निदान नंतर नीट दिसायला लागतं." काकू मान न वळवता म्हणायच्या, "भात गार होतोय, तो बघा."

सुरुवातीला काकूंना या कामाचं केवढं अप्रूप होतं. आपण या खुर्चीत बसून डोळ्याखालून घातलेली एक ओळ कुठल्या कुठे जाऊन बसते. समुद्रातल्या जहाजावर, डोंगरावरच्या टॉवरमध्ये, कोणा अनोळखी माणसाच्या खिशात. पहिल्या वर्षी त्या रस्त्याने जाताना लोकांच्या हातातल्या मोबाईलकडे बघून मनातल्या मनात हसायच्या. मग हळूहळू सवय झाली. रोज मेल, रोज वजा-अधिक, रोज कोणाला तरी समजावणं. अप्रूप कधी उडून गेलं ते कळलंही नाही. माणसाचं असंच असतं हो, त्यात काकूंचा काय दोष.

तर एका सकाळी झाडूचा पॅच आला. झाडू हा गटातला एक तरणाबांड गडी, आणि हे नाव त्याला काकूंनीच दिलेलं. कर्नलच्या कानाकोपऱ्यातला जुना केरकचरा शोधून तो साफ करणं हा त्याचा छंद. स्वतः नवीन काही बांधायचा नाही, पण दुसऱ्याचं घर असं लख्ख करून ठेवायचा की घरवाल्यालाच लाज वाटावी. या वेळी त्याने एका जुन्या रेग्युलेटर चिपचा ड्रायव्हर झाडायला घेतला होता. त्या चिपमधून विजेच्या आठ वाटा निघतात. कोणे एके काळी कोणीतरी त्या ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवलं होतं की पाच नंबरची वाट कायम चालू ठेवायची, कोणी मागो वा न मागो. का, ते लिहिलेलं नाही. झाडूने ते तेवढं काढून टाकलं. वजा, वजा, वजा. बस्स.

यात काकूंना आनंद का व्हावा, तर हे त्यांचंच तत्त्व. तीच चिप शंभर वेगवेगळ्या यंत्रांच्या सर्किट बोर्डांवर बसते. कुठल्या वाटेवर काय जोडलंय हे ते यंत्र बनवणाऱ्यालाच ठाऊक, आणि ते त्याने आपल्या बोर्डाच्या फाईलमध्ये लिहावं. ड्रायव्हरने फक्त चिप चालवावी, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. हे काकू इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगून चुकल्या होत्या की गटातले लोक त्यांची नक्कल करायचे. शिवाय बॅटरीही वाचणार होती. कारण कर्नलची एक रीत आहे. यंत्र सुरू झालं की तो साधारण अर्धं मिनिट थांबतो, आणि मग घरातली कर्ती बाई रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवत फिरते, तसा एकेक वाट बघतो. ही कोणी मागितली आहे का? नाही? बंद. 'कायम चालू' अशी खूण असेल, तरच तो तिला हात लावत नाही.

काकूंनी घाई केली असं कोणी म्हणू नये. त्यांनी ती चिप वापरणाऱ्या सगळ्या बोर्डांच्या फायली उघडून पाहिल्या. बहुतेकांनी पाच नंबरची वाट रीतसर मागितली होती. दोन-तीन ठिकाणी पाच नंबरपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. काही लिहिलेलं नाही म्हणजे काही जोडलेलं नाही, असं या धंद्यातला कोणीही म्हणेल, आणि काकूही तेच म्हणाल्या. त्यांनी खाली नाव लावलं, आणि कधी नव्हे ते वर कौतुकही लिहिलं, "असा पॅच मी किती वर्षांपासून मागत होते." विजेचा हा अख्खा कोपरा ज्यांच्या ताब्यात, त्यांना सगळे कारभारी म्हणायचे. कारभाऱ्यांनी तो पॅच पुढे जाणाऱ्या गठ्ठ्यात ठेवला. हा गठ्ठा रविवारी मुख्य साठ्यात जायचा होता. एकदा तिथे गेला की पुढे तो जगभर जाणार.

आणि त्याच आठवड्यात काकूंची लेक बाळंत झाली. दिवस भरायच्या कितीतरी आधी.

लहान बाळांच्या वॉर्डात एका वेळी एकाच माणसाला आत सोडायचे. हात कोपरापर्यंत धुवायचे, घड्याळ-अंगठ्या काढायच्या, वर झगा घालायचा. आत उबदार, मंद उजेड, आणि काचेच्या पेट्यांची रांग. काकू आत गेल्या आणि नातीला बघून त्यांचे पाय तिथेच खिळले. काकांच्या तळहातावर मावेल एवढासा जीव. छाती फूल हलावं तशी हलत होती. काकूंनी वाकून पाहिलं तर तिला नखं होती. एवढंसं बोट, त्याला नख, आणि नखाला कडसुद्धा. हे एवढं बारीक काम कोणी केलं, कधी केलं, आणि तपासलं कोणी? काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि हात धुतलेले असल्यामुळे ते पुसताही येईना.

काकांची पाळी झाल्यावर ते बाहेर येऊन म्हणाले, "मी इतके बारीक ठिपके वाचायला लावतो लोकांना, पण इतका बारीक ठिपका नाही पाहिला." तेव्हापासून बाळाचं नाव ठिपका. लेक उशीत तोंड खुपसून रडत होती ती हे ऐकून हसली, आणि हसल्यावर टाके दुखले म्हणून बापावर चिडली. चिडली म्हणजे बरी आहे, असं काकूंनी धरलं.

वॉर्ड चालवायच्या मोठ्या सिस्टर. अंगाने आडव्या, आवाजाने हळू, आणि चालताना चपलेचा आवाज शून्य. शुक्रवारी दुपारी काकू आत असताना सिस्टर म्हणाल्या, "आजी, जरा बाजूला व्हा. हिची पेटी धुवायला काढायची आहे. हिला दुसरीत ठेवते."

शेजारी रिकामी पेटी होती. सिस्टरनी बटण दाबलं. पेटीच्या वरच्या छोट्या स्क्रीनवर नेहमीचे आकडे यायच्या आधी, क्षणभर, काळ्या पाटीवर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या. दुसऱ्या कोणाला ते काहीच वाटलं नसतं. काकू मात्र जागच्या जागी थिजल्या. त्या ओळी त्यांच्या रोजच्या ओळखीच्या होत्या. कर्नल उठत होता. आणि त्या ओळींमध्ये त्या जुन्या चिपचं नाव होतं. झाडूने झाडलेल्या ड्रायव्हरचं नाव.

म्हणजे ही पेटी त्या चिपवर चालते. इतकी वर्षं मागच्या खोलीत बसून, वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाठ करून, आपण ज्या ओळी वाचल्या, त्यांतल्या काही ओळी आत्ता इथे, या काचेआड, ठिपक्याच्या अंगाला ऊब पुरवतायत. काकूंच्या अंगावर सरसरून काटा आला. कोणी कुठे बसून काय लिहिलं, कोणी कुठे बसून वाचलं, आणि ते इथे येऊन माझ्या नातीच्या उशाशी बसलं! त्यांना वाटलं कोणाला तरी सांगावं. पण सांगणार कोणाला आणि काय? सिस्टर कामात होत्या.

सिस्टरनी पेटीच्या कडेचं एक लाल बटण दाबलं, आणि पेटीने असा कर्कश टाहो फोडला की काकू दचकून मागे सरल्या.

"घाबरू नका," सिस्टर हसल्या. "आम्ही पेटी आधी रडवून बघतो. बाळ ठेवायच्या आधी एकदा रडवायची. रडली की मग बाळ आत."

"हा भोंगा कधी वाजतो?"

"आतला संगणक बंद पडला, अडकला, की वाजतो. आतली ऊब नाहीतर वाढत जाईल किंवा उतरत जाईल, आणि आम्हाला पत्ता लागायचा नाही. या वॉर्डात आम्ही दोघी, पेट्या किती ते तुम्ही बघताच. म्हणून तो वेगळा ठेवलाय. कंपनीचा माणूस शिकवायला आला होता तेव्हा त्याने सांगितलं, सिस्टर, या भोंग्याचा आणि संगणकाचा काडीचा संबंध नाही. संगणक मेला तरी हा ओरडणार. तो संगणकाचं ऐकत नाही."

काकू मान डोलावत होत्या. मग त्यांची मान डोलायची थांबली.

संगणकाशी संबंध नाही. म्हणजे संगणकाला तो तिथे आहे हे ठाऊकच नाही. म्हणजे त्याच्यासाठी वीज कोणी मागत नाही. आणि कोणी मागत नाही तरी तो वाजला, म्हणजे तो कुठल्या तरी अशा वाटेवर आहे, जी कोणी न मागता कायम चालू असते.

पाच नंबर.

काकूंनी त्या लाल बटणाकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्यांनी स्वतःला सावरून विचारलं, "सिस्टर, बाळ आत असताना कधी रडवून बघता का पेटी?"

"छे हो. बाळं दचकतात, आयांचा जीव जातो. सुरू केली की लगेच एकदाच. हे बघा, सुरू केली, रडवली, झालं."

सुरू केली की लगेच. आणि कर्नल दिवे मालवायला निघतो तो अर्ध्या मिनिटाने. म्हणजे नव्या कर्नलची पेटी सिस्टर सुरू करतील, ती छान रडेल, सिस्टर निश्चिंत मनाने बाळ आत ठेवतील, आणि त्यांची पाठ वळली की कर्नल हळूच येऊन भोंग्याची वीज काढून घेईल. कोणाला कळणार? मुका भोंगा आणि शांत भोंगा दिसायला एकच. कळेल ते फक्त ज्या दिवशी त्याने ओरडायला हवं त्या दिवशी. आणि त्या बदलाखाली नाव कोणाचं, तर काकूंचं. वर कौतुकासकट.

"आजी, बसा जरा. तुमचा चेहरा कसा झालाय," सिस्टर म्हणाल्या.

"आत्ता ही पेटी जुन्याच... ही आत्ता ठीक आहे ना?" काकूंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःलाच सांगितलं, "हो, हिच्यात जुनाच कर्नल आहे. ही ठीक आहे." सिस्टरना वाटलं, बाईंना ताण झेपत नाहीये. त्यांनी काकूंना पाणी दिलं आणि ठिपक्याला दोन्ही हातांनी अलगद उचलून नव्या पेटीत ठेवलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर काका जावयाबरोबर बसले होते. काकूंनी पर्समधून लॅपटॉप काढला तसं काकांचं टाळकं सरकलं. "अगं, इथेसुद्धा? नात काचेत आहे आणि तुला मेल सुचतात?"

"नात काचेत आहे म्हणूनच," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून काका उठून चहा आणायला गेले.

काकूंनी त्या पेटीच्या बोर्डाची फाईल उघडली. पाच नंबरपुढे कोरं. तेच कोरं, जे त्यांनी स्वतः याच आठवड्यात बघून पुढे सरकवलं होतं. त्यांनी गटाला नातीच्या वॉर्डातला भोंग्याचा सगळा प्रकार कळवला आणि लिहिलं, "मी माझं नाव मागे घेते आहे. हा पॅच थांबवा. पाच नंबरवर कोणीतरी राहतंय, आणि ते बोलत नाही."

झाडूचं उत्तर आलं आणि त्यात त्याने काकूंचीच वाक्यं काकूंना वाढली. "काकू, तुम्हीच म्हणता, ड्रायव्हरने दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. तुम्हीच म्हणता, फाईलमध्ये नाही म्हणजे नाही. तुम्हीच शाबासकी दिलीत. आता एका वॉर्डात काहीतरी वाजलं म्हणून मागे फिरायचं? पाच नंबरवरच भोंगा आहे, हे कशावरून?" दुसऱ्या एकाने खाली ओळ टाकली, आजी झाल्यावर माणूस हळवं होतं म्हणे. वाचून काकूंचे कान तापले. एवढ्या वर्षांत त्यांनी किती जणांना भर गटात उघडं पाडलं होतं, त्याचं व्याज आज वसूल होत होतं. पण पोराचं चुकलं तरी काय होतं? ते तर काकूंच्याच शिकवणीवर चाललं होतं. आणि पुरावा त्यांच्याकडे नव्हताच. होता फक्त सिस्टरांच्या तोंडचा एक शब्द आणि स्वतःचा तर्क.

कारभाऱ्यांनी लिहिलं, "काकू, संशयावर मी गठ्ठा फोडत नाही. रविवारपर्यंत दाखवा, नाहीतर जाऊ दे पुढे. नंतर बघू."

नंतर बघू. या दोन शब्दांवर जग चालतं. काकूंनी ती बोर्डाची फाईल मुळात कोणी लिहिली ते शोधलं. पेटी बनवणाऱ्या कंपनीतली एक इंजिनिअर, पत्ता जुना. तिला त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुमच्या पेटीत पाच नंबरवर काय आहे? आणि झाडूला वेगळं लिहिलं. त्यात वाद नव्हता. "बाळा, तुझा पॅच बरोबर आहे. माझं तत्त्वही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असूनही पेटी मुकी होते. तुझ्याकडे ती चिप आहे का? पाच नंबरवर एक दिवा लाव आणि जरा बघत बस."

शनिवार असाच गेला. काकू वॉर्डाच्या बाकावर बसल्या की मेल बघायच्या आणि मेल बघून झाली की दाराच्या काचेतून आत बघायच्या. दोन्हीकडे शांत. या शांततेचंच आता त्यांना भय वाटायला लागलं होतं. आतल्या पेटीला काहीही धोका नव्हता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी सिस्टर पेटीजवळून गेल्या की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. लेक चालत बाहेर आली, शेजारी बसली, आणि म्हणाली, "आई, तू नक्की काय करतेस गं कामात? खरं सांग. मी लहानपणापासून लोकांना सांगते, आई मेल वाचते."

काकूंनी सांगायला सुरुवात केली. चिप, वाटा, कोरी जागा, अर्धं मिनिट. भोंग्यापर्यंत आल्यावर लेकीने त्यांचा हात घट्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. "आणि हे सगळं," ती हळूच म्हणाली, "आपल्या मागच्या खोलीत चालायचं? मी तिथे केर काढताना तुझ्यावर ओरडायचे, पाय उचल म्हणून?"

"पाय मी उचलायचे ना पण," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी झाडूची मेल आली. त्यात वाद नव्हता, काकूंची वाक्यं नव्हती. "काकू, दिवा लावला. लागला. मी चहा ओतायला वळलो. परत बघितलं तर दिवा गेलेला. वायर हलली असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा गेला. काकू, माझ्या हातून हे गेलं असतं."

आणि थोड्या वेळाने त्या इंजिनिअरचं उत्तर. "हो, पाच नंबरवर भोंगा आहे. फाईलमध्ये लिहिलं नाही, कारण ती वाट नेहमी चालूच असायची. पुढच्या सुधारणेत आम्ही नवा कर्नल घेणार आहोत. सगळ्या पेट्यांसाठी." शेवटचे दोन शब्द काकूंनी कितीदा वाचले कोण जाणे. सगळ्या पेट्या म्हणजे किती वॉर्ड, किती गावं, किती ठिपके. त्यांनी लॅपटॉप मिटला. काकांनी न विचारता त्यांच्या हातात चहा दिला.

कारभाऱ्यांनी पॅच गठ्ठ्यातून काढला. काढून फेकला मात्र नाही, कारण तो बरोबरच होता. आधी पेटीच्या फाईलमध्ये पाच नंबरची खूण लिहायची, ती पुढे जाऊ द्यायची, आणि मगच ड्रायव्हर झाडायचा, असं ठरलं. ती खूण झाडूनेच लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही काढलं नाही, घातलं. आणि त्या ओळीवर, कोण पुढे वाचेल त्याच्यासाठी, त्याने दोन वाक्यं लिहिली: 'हे कोणी मागत नाही. तरी बंद करू नका.' काकूंनी ती वाचली आणि खाली आपलं नाव लावलं. या वेळी कौतुक लिहिलं नाही.

ठिपका वाढली. आधी पेटीबाहेर आली, मग घरी आली, मग गालांनी डोळे झाकले जातील इतकी फुगली. नाव ठेवलं गेलं, पण काकांच्या लेखी ती ठिपकाच राहिली. तपासणीला न्यायचं होतं त्या दिवशी लेकीने काकूंना बरोबर घेतलं, आणि तपासणी झाल्यावर दोघी सिस्टरना भेटायला वॉर्डाच्या दाराशी गेल्या. सिस्टरनी बाळाला हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि नाक मुरडलं. "ही ती नव्हेच. मी दिली होती ती एवढीशी होती."

आत एक पेटी तयार करायची चालली होती. दारालगत एक तरुण बाप झगा घालून उभा होता. धुतलेले दोन्ही हात कशाला शिवू नयेत म्हणून छातीशी वर धरलेले. बाळ लेकीला परत देऊन, हात धुऊन सिस्टर आत गेल्या आणि म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात कंपनीवाले येऊन सगळ्या पेट्या नव्या करून गेले. आतलं काहीतरी बदललं म्हणे." आणि त्यांनी बटण दाबलं.

काळ्या पाटीवर पांढऱ्या ओळी सरकल्या. सिस्टरांचं बोट सवयीने लाल बटणाकडे गेलं.

"सिस्टर, थांबा," काकू दारातून म्हणाल्या. "लगेच नको. जरा वेळाने दाबा."

"का हो?"

"माझ्यासाठी."

सिस्टरनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बोट मागे घेतलं. सगळे उभे. बाप उभा, लेक बाळाला घेऊन उभी, काकू दाराची चौकट धरून उभ्या. स्क्रीनवर ऊब, ओलावा, आकडे आले. कुठलाच आवाज नव्हता. काकूंना ठाऊक होतं की याच शांततेत आत कर्नल निघालाय. तीन नंबर, कोणी मागितली? नाही. बंद. चार? बॅटरीच्या भागाने मागितली, राहू दे. पाच? त्यांना दिसत काहीच नव्हतं, दिसण्यासारखं नव्हतंच, पण त्यांनी श्वास धरून ठेवला होता. वयाने इतक्या मोठ्या झालेल्या बाईला देवासमोर उभं राहिल्यासारखं वाटत होतं, आणि त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती.

"आता," काकू म्हणाल्या.

सिस्टरनी बटण दाबलं. पेटीने टाहो फोडला. त्या आवाजाने दचकून ठिपक्यानेही भोकाड पसरलं, पेटीपेक्षा वरच्या पट्टीत, आणि लेक तिला थोपटता थोपटता स्वतःच रडायला लागली. काकूंनी चौकट सोडली तेव्हा त्यांच्या बोटांवर चौकटीची खूण उठली होती.

तो बाप बावरून सगळ्यांकडे बघत होता. "काही बिघडलं का?" त्याने विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "रडली ना. आता ठेवा आत."

सिस्टरनी पेटी उघडली आणि त्याचं बाळ आत ठेवलं.